सगळेच गरीब चोर का होत नाहीत? गुन्ह्याच्या समाजशास्त्राबद्दल थोडं सविस्तर

प्रश्न एम.ए.ला समाजशास्त्र घेतलेल्या एका विद्यार्थ्याचा आहे. अभ्यासक्रमात गुन्हा आणि विचलनाचे (म्हणजे समाजाच्या रूढ वाटेपासून ढळलेल्या वागण्याचे) सात-आठ सिद्धांत आहेत आणि प्रत्येक पुढचा आधीच्याला खोडून काढतो, मग खरा मानायचा कोणता? शिवाय गरिबीमुळे गुन्हे होतात म्हणावं, तर बहुतेक गरीब माणसं सरळमार्गी कशी?

मी बरीच वर्षं कारागृहात आणि निरीक्षणगृहात (जिथे गुन्ह्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलांना ठेवतात) समाजकार्यकर्ता म्हणून काम केलं. कच्च्या कैद्यांचे जामीन, घरच्यांशी संपर्क, बाल न्याय मंडळासाठी सामाजिक तपासणी अहवाल असं ते काम. त्यामुळे पुस्तकातल्या क्रमाने जाणार नाही. आधी एवढंच सांगतो की या सिद्धांतांची परीक्षा एकाच पेपरात घेता येत नाही. कोणी विचारतो, अमुक समाजात गुन्हे जास्त का? कोणी विचारतो, याच वस्तीत का, याच मुलाने का? आणि कोणी विचारतो, हे कृत्य गुन्हा आहे हे ठरवलं कोणी? कुठल्याही सिद्धांताशी भांडण्याआधी त्याचा प्रश्न कोणता ते बघा. निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

गरिबीचं आधी घेऊ. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टनचा 1938 सालचा निबंध गरिबीवर आहे असं समजून वाचला जातो. मर्टन स्वतः फिलाडेल्फियाच्या गरीब वस्तीत, स्थलांतरित ज्यू कुटुंबात वाढला होता. 'गरीब म्हणजे गुन्हेगार' असलं काही तो लिहिणं शक्यच नव्हतं. त्याचं म्हणणं असं की अमेरिकी समाज पैशाचं आणि यशाचं एकच स्वप्न सगळ्यांपुढे ठेवतो, पण तिथवर जाणारे सरळ रस्ते थोड्यांनाच मोकळे असतात. स्वप्न आणि रस्ता यांच्यातल्या अंतराचा ताण माणसावर येतो. मग बहुतेक जण निमूट चालत राहतात. काही जण स्वप्न तेच ठेवून रस्ता बदलतात, आणि आपल्या कामाचे गुन्हेगार प्रामुख्याने यातलेच. काही जण स्वप्न सोडतात पण नियम सोडत नाहीत. काही दोन्ही सोडून नशेत किंवा रस्त्यावर जातात आणि काही बंड करून वेगळंच स्वप्न मांडतात. फाईलवर शेरे मारत, बढतीची आशा सोडून, पण एकही नियम न मोडता निवृत्त होणारा कारकूनही मर्टनच्या हिशेबात विचलितच! परीक्षेत हा प्रकार लिहायला मुलं हमखास विसरतात.

म्हणजे जिथे सगळेच सारखे गरीब आहेत आणि कोणी कोणाला वेगळं स्वप्न दाखवत नाही, तिथे हा ताण कमी असणार. स्वप्न मोठं आणि दार बंद, तिथे तो जास्त. मुंबईचं गिरणगाव याच चष्म्यातून पाहिलं जातं. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आणि त्यातल्या बहुतेकांची नोकरी परत आलीच नाही. लालबाग-परळ-भायखळ्याच्या चाळींतली काही मुलं पुढे टोळ्यांमध्ये गेली, हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्याच चाळींतल्या कितीतरी जास्त मुलांनी वडापावच्या गाड्या लावल्या, वॉचमनची नोकरी धरली, टॅक्सी चालवली, नाहीतर आई-बापांबरोबर कोकणात किंवा घाटावर परत गेली. ताण सगळ्यांनाच होता. मर्टनने ताण समजावून सांगितला. त्यातला कोण कुठे जाणार, हे तो सांगत नाही.

ते सांगायचा प्रयत्न 1960 मध्ये क्लोवर्ड आणि ओहलिन यांनी केला. त्यांचा मुद्दा साधा आहे आणि माझ्या मते फार कमी शिकवला जातो. सरळ रस्ता बंद झाला म्हणून आडरस्ता आपोआप उघडत नाही. तिथेही ओळख लागते, शिकवणारा लागतो, माल घेणारा लागतो. भायखळ्याच्या मुलाला शेजारच्या गल्लीतच टोळी होती. गावी परतलेल्या त्याच्या चुलतभावाला ती सोय नव्हती. बेकारी दोघांच्या वाट्याला सारखीच.

मर्टनच्या मागे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम उभा आहे, आणि तो विद्यार्थ्यांना सगळ्यात जास्त चमकवतो, कारण 1895 मध्ये तो चक्क म्हणाला की गुन्हा ही समाजाची सामान्य बाब आहे. 'सामान्य' म्हणजे 'चांगली' नव्हे. गुन्हा नसलेला समाज असूच शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्याचं उदाहरण संतांच्या मठाचं आहे. तिथे खून-दरोडे होणार नाहीत, पण आपल्याला क्षुल्लक वाटणारी चूक तिथे महापातक ठरेल.

याला मराठी उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. ऑक्टोबर 1890 मध्ये पुण्यातल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींना व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं दिली गेली. त्यात टिळक होते, रानडे होते. गोपाळराव जोशींनी हजर असलेल्यांची नावं छापून आणली आणि शहरात ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, बहिष्कार झाले, प्रायश्चित्तं झाली. एक कप चहा! ज्या गटाने शुद्धतेची रेघ इतकी बारीक आखलेली असते, त्याला ओलांडणारा रोज सापडतो. आणि त्याला शिक्षा करता करता 'आपण कोण' हे गट स्वतःलाच पुन्हा बजावतो. शिक्षेचा खरा प्रेक्षक गुन्हेगार नसून बाकीचे लोक असतात, हे दुर्खीमचं निरीक्षण मला सगळ्यात मोलाचं वाटतं. टीव्हीवर आरोपीला बुरखा घालून कॅमेऱ्यांपुढून नेतात तेव्हा ते दृश्य नक्की कोणासाठी असतं, हे एकदा बघा.

त्याचा दुसरा मुद्दा, आजचा गुन्हा कधी कधी उद्याची नीती असते. त्याने सॉक्रेटिस घेतला होता, आपण र. धों. कर्वे घेऊ. 1921 मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' चालवलं, प्राध्यापकी गेली, अश्लीलतेचे खटले झाले, दंड भरले. 1934 च्या खटल्यात त्यांचे वकील बाबासाहेब आंबेडकर होते, तरी दंड झालाच. 1952 मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. कर्वे ऑक्टोबर 1953 मध्ये वारले, म्हणजे आपला 'गुन्हा' सरकारी धोरण झालेला त्यांनी डोळ्यांनी पाहिला.

आता 'याच वस्तीत का?' हा प्रश्न. शिकागोत क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके यांनी बालन्यायालयातल्या मुलांचे पत्ते शहराच्या नकाशावर मांडले. कारखान्यांना लागून असलेल्या, भाडं कमी आणि माणसं सतत बदलती अशा पट्ट्यात ठिपके दाटले. ते अपेक्षितच होतं. मौज पुढे आहे. काही दशकांत त्या पट्ट्यातले जर्मन-आयरिश निघून गेले, इटालियन-पोलिश आले, तरी ठिपके तिथेच राहिले. सोडून गेलेल्यांची मुलं नव्या वस्तीत गेल्यावर तितकी पोलिसांच्या हाती लागेनात. म्हणजे दोष रक्तात किंवा जमातीत शोधण्यात अर्थ नव्हता. शेजार धरून ठेवणारी घडी त्या जागेत बसतच नव्हती. पुढे 1997 मध्ये सॅम्पसन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शिकागोतच दाखवलं की वस्ती गरीब असूनही शेजारी एकमेकांच्या मुलांना टोकत असतील आणि वेळेला पुढे येत असतील, तर हिंसा कमी असते. चाळीच्या गॅलरीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करणाऱ्या आजींचा आम्हाला लहानपणी जो वैताग यायचा, त्याला समाजशास्त्रात 'कलेक्टिव्ह एफिकसी' (सामूहिक परिणामकारकता) एवढं वजनदार नाव असेल असं वाटलं नव्हतं.

या नकाशांचा एक धोका आहे. त्यावरचे ठिपके गुन्ह्यांचे नसतात, पकडलेल्यांचे असतात. पोलीस ज्या वस्तीत रोज जातात तिथे ठिपके वाढणार, आणि ठिपके वाढले म्हणून पोलीस पुन्हा तिथेच जाणार.

एडविन सदरलँडने याच जागी बोट ठेवलं. ते कसं, ते पुढे सांगतो; आधी त्याचा सिद्धांत. गुन्हा शिकला जातो, असं तो म्हणतो. जवळच्या माणसांच्या संगतीत, इतर काहीही शिकावं तसा. त्यात कसब येतंच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे कायदा मोडणं ठीक आहे असं सांगणारी कारणं येतात. बराकीत हे डोळ्यांनी दिसतं. पहिल्यांदा आत आलेला एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा, मोबाईल हिसकावल्याची केस. जामीन मंजूर आहे, पण जामीनदार नाही म्हणून आत. पहिल्या आठवड्यात तो रडतो, मुलाखतीची वाट बघतो. महिन्याभरात त्याला कळलेलं असतं की फोनचा आयएमईआय (ओळख क्रमांक) कोण बदलून देतो, कोणत्या स्टेशनच्या हद्दीत काम केलेलं बरं, कोणता वकील हप्त्याने फी घेतो. आणि बाहेर गेल्यावर कोणाला भेटायचं तेही. देशातल्या कैद्यांपैकी साधारण तीन चतुर्थांश असे कच्चे कैदी आहेत, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही. त्यांना आपण ज्या शाळेत बसवतो, तिची कल्पना सदरलँडला नक्की आली असती.

पण तो तिथे थांबला नाही. डिसेंबर 1939 मध्ये अमेरिकन समाजशास्त्र परिषदेच्या अध्यक्षीय भाषणात त्याने पांढरपेशा गुन्हेगारीचा विषय काढला. गुन्ह्यामागे गरिबी आहे असं सगळे म्हणतात, कारण सगळे तुरुंगातली माणसं मोजतात. कंपन्यांच्या बोर्डरूममध्ये बसून कायदे मोडणाऱ्यांना कोण मोजतं? मग त्याने 70 मोठ्या अमेरिकन कंपन्यांविरुद्ध गेलेले निकाल गोळा केले. एकही कंपनी सुटली नव्हती आणि बहुतेकींविरुद्ध एकाहून जास्त निकाल होते. 1949 मध्ये पुस्तक आलं ते कंपन्यांची नावं गाळून, कारण प्रकाशकाला बदनामीच्या दाव्यांची भीती. नावांसकट आवृत्ती निघाली 1983 मध्ये, सदरलँड जाऊन तीस वर्षं उलटल्यावर.

तेव्हा 'गरिबीमुळे गुन्हा' याला हे सगळ्यात सरळ उत्तर आहे. पतसंस्थेच्या संचालकाने नातेवाइकांना विनातारण कर्जं वाटली आणि हजारो ठेवीदार बुडाले, तर तिथे गरिबी कुठे असते? असली तर ठेवीदारांची, आणि तीही नंतर आलेली. संगत मात्र असते, शिकणं असतं, आणि 'सगळेच करतात' हे कारणही असतं.

या कारणांची यादी साइक्स आणि मॅट्झा यांनी 1957 मध्ये केली. माझ्या मते एवढी उपयोगी यादी या विषयात दुसरी नाही. मी जबाबदार नव्हतो. कोणाचं फार नुकसान झालं नाही. त्याला हे मिळायलाच हवं होतं. मला बोलणारे कुठे धुतल्या तांदळासारखे आहेत? आणि शेवटचं, मी दोस्तासाठी केलं. निरीक्षणगृहातल्या एका मुलाने दुचाकी उचलल्याबद्दल मला सांगितलं होतं, "सर, त्याच्याकडं दोन होत्या. आणि आम्ही फिरवून परत लावणारच होतो की." दोन्ही वाक्यांत यादीतलं एकच कारण, कोणाचं फार नुकसान झालं नाही. तो मुलगा चोरी चुकीची आहे हे मानत होता, म्हणून तर त्याला कारण लागलं. मॅट्झाचं म्हणणं नेमकं हेच. ही मुलं वेगळ्या नीतीची नसतात, आपलीच नीती मानतात आणि तिच्यातून तात्पुरती सुटका करून घेतात. गुन्हेगारांची एक स्वतंत्र, उलटी संस्कृती असते असं मानणाऱ्या आल्बर्ट कोहेनशी माझं इथेच जमत नाही.

ट्रॅव्हिस हर्शीने 1969 मध्ये प्रश्नच उलटा केला. लोक गुन्हा का करतात हे सोडा, बहुतेक लोक का करत नाहीत ते सांगा. आई-वडिलांशी, शाळेशी, कामाशी, नियमांवरच्या विश्वासाशी बांधलेले असतात म्हणून. विचारणाऱ्याच्या दुसऱ्या शंकेचं उत्तर बऱ्याच अंशी इथे आहे. गरीब माणसाकडे पैसा नसला तरी बंध असतात, आणि ते पुष्कळदा घट्ट असतात. उणीव एवढीच की हर्शीच्या पाहणीत शाळकरी मुलं होती. मोठेपणी काय होतं हे त्यात कळत नाही. ते दाखवलं जॉन लाउब आणि सॅम्पसन यांनी. ग्लूक दांपत्याने बोस्टनच्या 500 गुन्हेगार आणि 500 सरळ मुलांची जमवलेली माहिती हार्वर्डच्या तळघरात खोक्यांत पडून होती. ती यांनी उकरून काढली आणि त्यातल्या गुन्हेगार मुलांपैकी काहींना सत्तरीपर्यंत गाठलं. लहानपणी सारखीच वाया गेलेली मुलं. कोणी टिकाऊ नोकरीला लागलं, कोणाचा संसार जमला, कोणी सैन्यात गेला, आणि मार्ग बदलला. बाकीचे बदलले नाहीत.

आता ज्या सिद्धांतावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो तो. 1951 मध्ये एडविन लेमर्टने पहिलं विचलन आणि दुसरं विचलन असा फरक केला. पहिल्या वेळी माणूस कशानेही घसरतो आणि बहुतेक वेळा ते विसरलंही जातं. पण पकडला गेला, नाव पडलं, आणि त्या नावाप्रमाणे सगळे वागू लागले की तो स्वतःही त्या नावाप्रमाणे जगू लागतो. 1963 मध्ये हॉवर्ड बेकरने हे पुढे नेलं. विचलन हा कृत्याचा गुण नाही, इतरांनी नियम लावून मारलेला तो शिक्का आहे.

हा सिद्धांत अमेरिकेत लिहिला गेला, पण त्याचा सगळ्यात मोठा आणि क्रूर प्रयोग भारतात त्याआधी ऐंशी वर्षं सुरू होता. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा. सुताराचा मुलगा सुतार तसा चोराचा मुलगा चोर, असा जातव्यवस्थेचा दाखला देऊन इंग्रजांनी तो रेटला. आधी उत्तर भारतात, मग 1911 च्या कायद्याने इतर प्रांतांतही. जमातीचं नाव सरकारी राजपत्रात आलं की जन्मलेलं मूल गुन्हेगार. हजेरी, पास, आणि मुंबई इलाख्यात सोलापूर-हुबळीसारख्या ठिकाणी सेटलमेंट. सोलापुरात त्या भागाला अजूनही सेटलमेंटच म्हणतात. तारेच्या कुंपणातून गिरणीत कामाला जायचं आणि कुंपणात परत यायचं. पारधी, कैकाडी, टकारी, कंजारभाट, किती नावं घ्यावीत. 31 ऑगस्ट 1952 ला हा कायदा रद्द झाला, जमाती 'विमुक्त' झाल्या. लगेच जागोजागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याचा 1959 चा. कागदावर जमात गेली, व्यक्ती आली. पोलीस ठाण्याच्या वहीत फारसा फरक पडला नाही.

तो शिक्का आज काय करतो ते पाहायचं तर नाशिकजवळच्या 2003 च्या दरोडा-खून प्रकरणाचा निकाल वाचा. भटक्या जमातीतले सहा मजूर. सर्वोच्च न्यायालयानेच 2009 मध्ये सहाही जणांना फाशीची शिक्षा सुनावली, आणि 5 मार्च 2019 ला त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. प्रत्यक्षदर्शीने सुरुवातीला फोटोंवरून दुसऱ्याच माणसांना ओळखलं होतं, तो धागा तपासात सोडून दिला होता. सोळा वर्षं गेली. त्यातला एक जण तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. न्यायालयाने प्रत्येकी पाच लाख भरपाई दिली आणि तपासावर कडक ताशेरे ओढले. ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारागृह नियमावल्यांतल्या जातवार कामवाटपाच्या तरतुदी रद्द केल्या आणि विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगारांच्या व्याख्येत ओढणाऱ्या नियमांवरही बोट ठेवलं. कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितला. 1952 पासून मोजा किती वर्षं होतात ते.

गंमत म्हणजे हाच सिद्धांत आपल्या एका कायद्यात अक्षरशः लिहिलेला आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्यात मुलाला डाग लागेल असे शब्द वापरू नयेत, त्याला नव्याने सुरुवात करता यावी, जुनी नोंद पुढे आड येऊ नये, अशी तत्त्वं आणि कलमं आहेत. म्हणून आम्ही अहवालात 'आरोपी' लिहीत नाही, 'विधिसंघर्षग्रस्त बालक' लिहितो. शब्द अवजड आहे, मान्य. दुसऱ्या बाजूला महाराष्ट्र पोलीस कायद्यातली तडीपारी बघा. दोन-तीन केसेस झालेल्या पोराला दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर काढता येतं. बायको, आई, गॅरेजमधलं काम सगळं मागे राहतं. शेजारच्या जिल्ह्यात त्याला खोली कोण देणार? बराकीत ओळख झालेला दोस्त देतो. हर्शीने सांगितलेला प्रत्येक बंध तोडून सदरलँडने सांगितलेल्या संगतीत नेऊन सोडायचं, याहून अचूक रीत शोधूनही सापडणार नाही. गुंडांच्या त्रासाने वैतागलेल्या वस्तीला तडीपारीने काही महिने श्वास मिळतो, हेही खरं आहे, आणि ते मी नाकारत नाही.

शिक्का सिद्धांताच्या प्रेमात पडू नका मात्र. पहिली घसरण का झाली याचं उत्तर त्याच्याकडे नाही. आणि ज्या बाईचं डोकं नवऱ्याने फोडलं, तिला 'हे विचलन समाजाने ठरवलं' असं सांगायला मी जाणार नाही. शिक्का मारल्यावर सगळेच आणखी बिघडतात असंही नाही. जॉन ब्रेथवेटने 1989 मध्ये हा गुंता बऱ्यापैकी सोडवला. कृत्याची लाज वाटायला लावून माणसाला परत घरात घेणं वेगळं, आणि लाज लावून कायमचं बाहेर टाकणं वेगळं. पहिल्याने गुन्हे कमी होतात, दुसऱ्याने वाढतात. आपल्याकडच्या जातपंचायतींचे बहिष्कार दुसऱ्या प्रकारात मोडतात. त्यांच्याविरुद्ध महाराष्ट्राला 2016 मध्ये वेगळा कायदा करावा लागला.

मार्क्सवादी मांडणीबद्दल थोडक्यात. कायदा कोणाच्या सोयीचा आहे हे विचारायला ती शिकवते, पण शेजाऱ्यानेच शेजाऱ्याला लुटलं तर तिची भाषा तोकडी पडते. आणि या सगळ्या मंडळींनी एक गोष्ट जवळपास विसरून टाकली होती. गुन्हे करणारे बहुसंख्य पुरुष असतात. ताण, गरिबी, वस्ती, सगळं बायकांच्याही वाट्याला येतं, बहुधा जास्तच. 1976 मध्ये कॅरॉल स्मार्टने हे ठणकावून विचारलं. महिला बराकीत काम केल्यावर मला त्यातलं वजन कळलं. तिथल्या कितीतरी जणींच्या केसमध्ये नवरा, दीर किंवा प्रियकर आधी येतो, कलम नंतर.

परीक्षेसाठी विचारत असाल तर एक सल्ला. उत्तरात सिद्धांत रांगेत उभे करू नका. एक खरी केस घ्या. वर्तमानपत्रातली चालेल, निकालपत्र असेल तर उत्तम. आणि हा ताणाचा भाग, हा संगतीचा, हा शिक्क्याचा, असं त्या केसमध्येच दाखवा. मंडळापुढे अहवाल लिहितानाही मी तेच करतो, फक्त तिथे मर्टन-सदरलँडची नावं लिहायची नसतात. त्याऐवजी लिहायचं, "मुलाचा मामा रिक्षा चालवतो, मुलाला सोबत ठेवायला तयार आहे, शाळेने पुन्हा दाखल करून घेण्याचं लेखी दिलं आहे." मंडळाचे सदस्य तेवढी ओळ नीट वाचतात.